ठेवते म्हणाली नाही
फोन कट झाल्यावरचा टूं-टूं आवाज कानावर पडला की मला खोपोलीतल्या एका हॉस्पिटलचं कॉल सेंटर आठवतं. आलेला फोन कुठे वळवायचा आणि कुठे संपवायचा, हे सिस्टीममध्ये लिहिणं माझं काम होतं. डायलिसिसची वेळ रद्द करायची असेल तर तीन दाबायचं. मग रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज म्हणे, "वेळ रद्द झाली, धन्यवाद," आणि लाइन बंद. एका दुपारी कळंबचे एक म्हातारे शेतकरी चपला दाराबाहेर काढून आमच्या एसीत आले. डायलिसिसवर असलेली त्यांची बायको आदल्या दिवशी वारली होती. "तिची जागा दुसऱ्या कुनाला मिळंल म्हनून सकाळपासनं चारदा फोन केला, पन ती बाय मधीच ठेवून देती. रागावली का माज्यावर?" मी म्हटलं, "बाबा, ते मशीन आहे." ते म्हणाले, "असंल. पन ठेवते म्हनून तरी सांगावं रं मानसानं." ते गेल्यावर मी त्या रेकॉर्डिंगचा शेवट बदलून घेतला. आता तो आवाज "काळजी घ्या, फोन ठेवते" म्हणतो आणि मगच लाइन बंद होते. त्या दुपारी मी मात्र त्यांना "वेळ रद्द झालीय" एवढंच सांगितलं आणि खुर्ची वळवून घेतली.