खांद्यावरचं पीठ

“थांबा. मागचं निघू द्या अगोदर.”

असं म्हणून ती पत्र्याच्या डब्यातून मूठभर जवारी घ्यायची आणि चालत्या गिरणीत सोडायची. दळणाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना यामागचं कारण सांगायला नको. आधी कुणाची हरभऱ्याची डाळ दळून गेलेली असते. तिचं पीठ दगडांमध्ये बसून राहतं आणि पुढच्याच्या गव्हात उतरतं. ते बाहेर काढायला ही मूठ. सगळेच गिरणीवाले असं करतात, पण ही बाई ती मूठ स्वतःसाठीसुद्धा टाकायची.

जवळा बाजार या आमच्या गावात, घरासमोरच तिची गिरणी होती. गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली, दळायचं एकच यंत्र, बाहेर डब्या-पिशव्यांची रांग आणि त्या रांगेवरून होणारी भांडणं. गव्हामागं गहू आणि जवारीमागं जवारी यावी म्हणून ती डबे मागंपुढं करायची, आणि जिचा डबा मागं जाई ती बाई पदर खोचून पुढं येई. अशा वेळी ही उलट बोलायची नाही. डोळे मिटायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायची, “आता मला राग येऊन राहिला.” स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात, त्याच सुरात. मग मूठभर जवारी गिरणीत टाकायची, खालून येणारं गरम पीठ हातावर घ्यायची आणि त्याच हातानं स्वतःचा डावा खांदा थोपटायची. “व्हय, व्हय. आला राग. येतोच,” असं काहीतरी पुटपुटायची.

त्यामुळे तिच्या खांद्यावर कायम पिठाचा पांढरा पंजा उमटलेला असे. लाईट जास्त वेळा जाऊन रांग तुंबली की खांदा पांढराफेक. शाळेत शिकवायला निघताना मी आधी तो खांदा पाहायचे आणि मगच डबा ठेवायचा की नाही ते ठरवायचे.

ही बाई तापट की शांत, हे आमच्या गल्लीला कधी ठरवता आलं नाही. मलाही नाही. तापट म्हणावं, तर गिऱ्हाइकाला तिनं वेडंवाकडं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. शांत म्हणावं, तर दिवसभर राग आल्याचं ती स्वतःच सांगत असे. मी एकदा न राहवून विचारलं, “मावशी, असं थोपटल्यानं राग जातो का हो?”

“कुठं जातो?” ती म्हणाली. “गेला का आतच बसलाय, काई कळत न्हाई बाई. पण लेकरू रडायलं तर आपण त्याला म्हणतो का, काहून रडायलास ते सांग अगोदर? आधी उचलूनच घेतो ना?”

मला ते फार पटलं. पटल्या पटल्या मी शाळेत गेले आणि खडू मोडला म्हणून पहिल्याच तासाला चिडले.

गिरणीच्या दारात लाकडी खुर्चीवर तिचे मालक बसलेले असत. नवऱ्याला आमच्याकडे मालकच म्हणतात. एकेकाळी गिरणी ते चालवायचे. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक शब्द तेवढा राहिला, “बराबर.” पाणी हवं असलं तरी बराबर आणि नको असलं तरी बराबर. नवखं गिऱ्हाईक त्यांच्याशी पाऊसपाण्याच्या, सोयाबीनच्या भावाच्या गप्पा मारत बसे आणि असा समजूतदार माणूस पाहिला नाही म्हणत खूश होऊन जाई.

गिऱ्हाइकांवरचा राग तिला सोपा होता. मालकांवरचा जड जायचा. त्यांना अंघोळ घालून, धुतलेला सदरा चढवून खुर्चीत बसवावं, आणि लगेच भाजीची वाटी त्यांच्या हातून अंगावर उपडी व्हावी. ते मुद्दाम करत नव्हते, हात ऐकत नव्हता. हे तिला कळत होतं आणि कळूनही तोंड सुटत होतं. “मी काय लोखंडाची हाय का? घ्या, जीवच घ्या माझा!” ते म्हणायचे, “बराबर.” रांगेतल्या काही बायका पदराआड हसायच्या. काही नाक मुरडायच्या, आजारी माणसावर असं कुणी ओरडतं का म्हणून. ती आत यायची, मूठ टाकायची, खांदा थोपटायची. घटकाभरानं ओलं फडकं घेऊन बाहेर जायची, त्यांचं तोंड पुसायची आणि घास भरवायची. भाकर असायची ती त्या मुठींच्या पिठाची. त्यात डाळ किती, गहू किती आणि जवारी किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती त्याला मिसळ म्हणायची आणि घरात दोघं तेच खायचे.

एकदा दुपारी रांग नव्हती तेव्हा ती मला म्हणाली, “बाई, एकाच गोष्टीचं भेव वाटतं मला. मी वरडते, मग जाऊन तोंड पुसते. रोजचंच हाय. पण एखाद्या दिवशी वरडले, अन् तोंड पुसायच्या आतच हे गेले तर? ह्यांच्या कानात माझं तेच राहील ना शेवटचं.”

मी म्हणाले, “तसं काही होत नसतं, मावशी.” कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

मी तिला एवढं निरखत का होते, तेही सांगायला हवं. माझ्या आईचं विसरणं तेव्हा वाढलं होतं. बाकी सगळं विसरायची, पण एक गोष्ट विसरायची नाही. “गॅस बंद केलास का गं?” मी केला म्हणायचे. ती मान डोलवायची, पदर सारखा करायची आणि पुन्हा विचारायची, दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं. मला राग यायचा. आजारी आईवर राग येतो म्हणून मग स्वतःचाही राग यायचा, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असायचा. तो मी कुणाला सांगत नव्हते. समोरची बाई मात्र तिचा राग भर रांगेत सांगून मोकळी होत होती. तिला लाजच वाटत नव्हती, का ती माझ्यापेक्षा शहाणी होती, याचा मला काही केल्या उलगडा होईना.

एकदा तर तिनं कमाल केली. आमच्याकडं हळद पिकते. घरापुरती हळद लोक कुटून तिच्याकडं आणायचे, आणि ती बाकी सगळी दळणं आटोपल्यावर, संध्याकाळी शेवटी दळून द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगल्या चार-सहा मुठी जवारी घातल्याशिवाय कुणाचं दळण घ्यायची नाही. पण त्या दिवशी सकाळीच मालकांनी औषध थुंकून टाकलं होतं. ती तणतणत आत आली, आणि मूठ टाकायचं विसरून तिनं माझे गहू ओतले.

दुपारी माझ्या पोळ्या पिवळ्याधमक. आईनं ताटात पाहिलं आणि विचारलं, “कोणाचं लगीन हाय गं?”

मी पीठ घेऊन गिरणीवर गेले. वाटलं, ही आता कपाळ बडवून घेईल. तिनं चिमूटभर पीठ तळहातावर पसरून पाहिलं आणि म्हणाली, “रागात होते, बाई. चुकलं माझं.” तिच्या घरचे गहू तिनं तिथल्या तिथं दळून मला दिले आणि पिवळं पीठ ठेवून घेतलं. संध्याकाळी पाहते तर नवराबायको पिवळ्या पोळ्या खात बसलेले, आणि तिच्या पोळीवर तूप.

“तूपसुद्धा?” मी म्हणाले.

“मग? चुकलेल्या बाईला भूक लागत न्हाई व्हय?”

मालक म्हणाले, “बराबर.”

मी घरी येऊन बराच वेळ त्या तुपाचाच विचार करत होते. आमच्या घरात चुकलेल्या माणसानं दोन घास कमी खायचे, अशी रीत होती.

पुढचं सांगताना आजही मला नीट शब्द सापडत नाहीत. शाळेला सुट्टी होती. सकाळी मी दळण घेऊन गेले, तेव्हा नुकताच मालकांच्या हातून चहा सांडला होता, तोही धुऊन वाळवलेल्या गोधडीवर. ती ओरडत होती. “आता बास झालं! सुटू द्या मला एकदाचं!” ते त्यांचा शब्द म्हणाले. ती आत आली, मूठ टाकली, खांदा थोपटला आणि माझे गहू ओतले. “एवढं झालं की जाते,” असं ती मला नव्हे, स्वतःलाच सांगत होती. दळण झालं. तिनं फडकं भिजवलं, पिळलं आणि बाहेर गेली.

मी डब्याचं झाकण लावत होते. दारातून ती पाठमोरी दिसत होती. तिनं त्यांचं कपाळ पुसलं, गाल पुसले, हनुवटीला चिकटलेला चहा चोळून चोळून पुसला. मग मागं न वळता मला हाक मारली, “बाई, जरा बघता का हिकडं?”

ते गेलेले होते. मान अशी कलली होती की डुलकी लागली असं वाटावं.

ती तेव्हा रडली नाही. पाहुण्यांनी त्याचीही चर्चा केली. दिवसपाणी उरकल्यावर तिनं गिरणी उघडली. पहिला डबा माझाच होता. तिनं मूठ टाकली. पीठ हातावर घेतलं, पाहिलं आणि पुन्हा मूठ टाकली. मग पुन्हा. मागं उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या, पण कुणी घाई केली नाही. गिरणी नुसतीच घरघरत राहिली.

“निघंना, बाई,” ती म्हणाली. “मी वाईट हाय का? खरं सांगा.”

“मला नाही सांगता येत, मावशी,” मी म्हणाले. “तुम्ही ओरडलात ते मी ऐकलं. पण फडकं भिजवून निघालात, तेही मी पाहिलं.”

“निघाले होते, न्हाई?”

“हातात फडकं होतं तुमच्या.”

ती दारातल्या रिकाम्या खुर्चीकडं पाहत राहिली. मग हळूच हात खांद्यावर गेला. “वरडले. बराबर,” ती म्हणाली. “फडकं भिजवलं. ते बी बराबर.” थोडं थांबली आणि एकदम उसळली, “अन् मला न सांगता गेले हे! त्याचा राग येऊन राहिला, त्याचं काय करू आता?” आमची सगळ्यांची नजर त्या खुर्चीकडं गेली. शेवटी तिनंच मालकांसारखा जड आवाज काढला आणि म्हणाली, “बराबर.” आणि हसली. हसता हसता असं रडू फुटलं की डोळ्यांतलं पाणी खांद्यावर गळून तिथल्या पिठाची कणीक झाली. मागची बाई पुढं आली, तिनं गिरणी बंद केली आणि सगळ्याजणी डबे तसेच ठेवून ओट्यावर बसून राहिल्या. त्या दिवशी दळण कुणाचंच झालं नाही.

नंतर लेक येऊन तिला कळमनुरीला घेऊन गेली. निघताना ती मला म्हणाली, “लेकीकडं जायची खुशी हाय. अन् रडू बी येऊन राहिलं. ह्यातलं खरं कोणतं, बाई?”

“दोन्ही असेल, मावशी.”

“मिसळ,” ती म्हणाली आणि जीपमध्ये बसली. मी पाहत होते. खांद्यावर पंजा होताच, आणि गिरणी तर आदल्या दिवशीच बंद झाली होती. घरातल्या पिठाच्या डब्यात हात घालून आली असणार.

आता गिरणीला कुलूप आहे. दळणाला मी पलीकडच्या आळीत जाते. तिथला माणूसही मूठ टाकतो, पण खांदा थोपटत नाही. मावशीचं मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. तिला माफी मिळाली की नाही, ती कुणी द्यायची होती, आणि राग शेवटी निघाला की आतच राहिला, यातलं काहीही मला छातीठोक सांगता येणार नाही.

काल सकाळी मी कणीक मळत होते. शाळेला उशीर होत होता आणि आई मागं उभी राहून विचारत होती, “गॅस बंद केलास का गं?” अजून पेटवलाही नव्हता. पुन्हा विचारलं. पुन्हा. मी परात बाजूला सारली, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, “आई, मला राग येऊन राहिलाय.” आणि नकळत हात खांद्यावर गेला.

आई जवळ आली आणि माझा खांदा पाहू लागली.

“पीठ लागलंय इथं,” ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती झटकेल. तिनं झटकलं नाही. त्या पंजावर आपला हात ठेवला, दोन-तीनदा थोपटलं आणि विचारलं, “गॅस बंद केलास का गं?”

“केला, आई,” मी म्हणाले.