मिठाच्या पाण्यात धुतलेला शर्ट

रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की पक्का बसतो. गार पाण्यात मीठ टाकून भिजवायचा, मग हलक्या हातानं चोळायचा. न्हावऱ्यात हे माझ्याइतकं कुणाला जमायचं नाही, आणि त्याच गुणानं माझा घात केला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या दादाला कुणीतरी मारलं. शिरूरच्या दवाखान्यात तो बेशुद्ध होता. नर्सनं त्याचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. रक्ताचे कपडे घरात ठेवू नयेत, शिवाय बरा होऊन येताना तो घालणार काय? मी शर्ट धुतला. तिसऱ्या दिवशी दादा गेला. सगळ्यांचा संशय शेजारच्या शेतकऱ्यावर. त्याच्या हाताला ताजी पट्टी होती, ऊस तोडताना कोयता लागला म्हणे. त्याचं रक्त शर्टावर असेल म्हणून पोलीस आले, तर शर्ट अजून दोरीवरच, लख्ख धुतलेला. पुढे तो माणूस पुराव्याअभावी सुटला.

लग्न होऊन मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत आले, पण डोक्यातला भुंगा जाईना. पेपरात डीएनएचं काही आलं की कापून ठेवायचे. इंग्लंडात अटक झाली की गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घेतात आणि कॉम्प्युटरात साठवतात. जर्मनीत त्याला न्यायाधीशाचा हुकूम लागतो. अमेरिकेत राज्याराज्याचे कायदे निराळे. आपल्याकडे असलं नमुन्यांचं भांडारच नाही! मग डाग राहिला असता तरी तो जुळवला कशाशी असता? असं मी रोज मनाला समजवायचे आणि रोज भाजी करपवायचे.

शेवटी न राहवून शेजारच्या निवृत्त फौजदार आप्पांना सगळं सांगितलं. ते सहज बोलून गेले, "ताई, भांडार कवा लागतं? माणूस ठाव नसतो तवा. तुमचा माणूस तर बांधाला बांध लावून व्हता. त्याचं रक्त घ्यायचं आन् डागाशी ताडायचं. तेवढं आपल्याकडं तवाबी व्हत व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं न्हावरं गाठलं. आई दारात कांदे निवडत होती. शर्ट कुणी धुतला म्हटल्यावर पोलिसांपुढं तिनं स्वतःचं नाव घेतलं होतं, आणि गावानं इतकी वर्षं तिलाच बोल लावला होता.

"आये, आता गावाला खरं सांगू दे. शर्ट मी धुतला."

तिनं मान वर केली नाही. "गप. ल्योक गेला माझा. लेकबी घालवू व्हय?"