तीस डब्या लेंड्या

आता हे ऐकून तुम्ही उद्यापासून मला टपरीवर शेजारी बसू देणार नाही, तरी सांगतो. माझ्यामुळं एका शहाण्या बाईची तीन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती. आणि कशामुळं? लेंड्यांमुळं. शेळीच्या लेंड्यांमुळं!

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. मास्तर लोक पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे, मी तोंडावर बोललो, विषय संपला. घरी बाबा. रिटायर्ड क्लार्क. आयुष्यभर फायली इकडच्या तिकडं सरकवल्या आणि आता अख्ख्या गारखेड्याला सल्ले देतात. दिवसातून तीनदा मला विचारायचे, "मग? आता काय उजेड पाडणार?"

म्हणून मिळालं ते काम धरलं. अर्चना मॅडमचं.

मॅडम पीएचडी करत होत्या. शेळी गाभण राहिली की तिच्या आतड्यातले जंतू बदलतात का, हा विषय. हसू नका, लई खोल विषय आहे! दौलताबादजवळ रहीमचाचांचा कळप होता. त्यातल्या तीस गाभण शेळ्यांच्या कानात मॅडमनी पिवळे बिल्ले ठोकले होते. माझं काम एवढंच. शेळीमागं थांबायचं, ताज्या लेंड्या हातमोज्यानं डबीत घ्यायच्या, बिल्ल्याचा नंबर टाकायचा आणि डबी बर्फात ठेवायची.

सोपं वाटतं ना? करून बघा एकदा! एप्रिलचं ऊन. शेळी तुमच्याकडं बघते, तुम्ही शेळीकडं. ती काही टाकत नाय. तुम्ही एक पाऊल पुढं गेलात की ती दहा पावलं पळते. दोन तासांत माझी एक डबी भरली नाही.

तेवढ्यात मॅडमचे गाइड सर आले. आले म्हणजे काय, एसी गाडीची काच चार बोटं खाली आली. या माणसानं शेळ्यांवर पुस्तकं लिहिलीत, पण शेळीला हात कधी लावला असेल तर शपथ! आतूनच बोट दाखवून म्हणाले, "ती बघ, लिंबाखालची! काय पोट आहे! पंधरा दिवसांत विते की नाही बघ. याला म्हणतात गाभण शेळी!"

काच वर. गाडी गेली.

मी लिंबाखाली गेलो. कानात बिल्ला नव्हता, पण स्वभाव काय सोन्यासारखा! बिस्किट दिलं की खायची आणि मागून पाऊस पाडायची. एका डबीला चार लेंड्या पुरतात. दोन पुडे बिस्किटं संपली, तीस डब्या भरल्या, तीस नंबर टाकले. अर्ध्या तासात काम फत्ते!

हरामखोरीच होती, मान्य. पण मला वाटलं, गाभण ती गाभण. पोटातले जंतू काय आधार कार्ड घेऊन फिरतात?

मॅडमनी विचारलं, "तीसही वेगळ्या ना रे, विक्रम?"

"मॅडम, माझ्यावर डाऊट?"

महिन्यानं जंतूंचा रिपोर्ट आला आणि सर खुर्चीतून उडालेच. "तीसही शेळ्यांचे जंतू डिट्टो! गाभणपणात सगळ्यांचं पोट एक होतं! जगात कुणाला सापडलं नाही हे!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, इतकं सारखं कसं असेल? परत तपासू या का?"

"तुम्हाला यश पचत नाही, हाच तुमचा प्रॉब्लेम आहे!"

आणि आमचे बाबा! काल मला 'उजेड' विचारणारा माणूस कॉलनीत पेढे वाटत फिरला. "आमच्या चिरंजीवांनी शोध लावला." कसला शोध, ते ना त्यांना माहीत, ना मला.

सरांनी सगळ्यांना चाचांच्या वाडग्यावर, म्हणजे कळपाच्या कुंपणात नेलं, शेळ्यांसोबत फोटो काढायला. तिथंच मॅडमच्या मोबाइलवर दुसरा रिपोर्ट आला. लेंडीत त्या जनावराचा स्वतःचा डीएनए पण उतरतो म्हणे. हे मला आधी सांगायला काय झालं होतं?

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "सर... तीसही नमुने एकाच जनावराचे आहेत." मग पुढची ओळ वाचली, "आणि ते नर आहे."

सर मॅडमवरच उखडले. "लॅबमध्ये डब्या मिसळल्या तुम्ही! असला प्रबंध मी पुढं जाऊ देणार नाही!"

मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मोठ्यांच्या तोंडावर खरं बोलतो म्हणून मी गावभर कॉलर ताठ करून फिरायचो. मग आता तरी बोलायलाच हवं होतं.

"सर, मॅडमची चूक नाय. सगळ्या डब्या मी एकीकडूनच भरल्या. त्या लिंबाखालच्या."

खाटेवरून रहीमचाचा ताडकन उठले. "शेरू से? अरे बावा, मैं समझा मेरे शेरू की बीमारी की जाँच होरी! तीन दिन काढा पिलाया मैं उसकू!"

"शेरू?"

"बोकड है ना वो. खस्सी कराया हुआ. शादियों के नान खा-खा के फुगा है."

"पण सरच म्हणाले, गाभण आहे!"

सर एकदम मोबाइलमध्ये घुसले. कुणाचाच फोन आला नव्हता.

चाचा म्हणाले, "साब तो गाडी में थे. तू तो पीछू बैठा था ना? अरे, पीछू सेच तो समझता!"

मॅडम आधी हसल्या, मग डोळे पुसले. सरांनी गाभण ठरवलेल्या बोकडाची गोष्ट बाहेर फुटू नये, म्हणून प्रबंध थांबवायची भाषा तिथंच थांबली. माझी शिक्षा मॅडमनी ठरवली: तीसच्या तीस डब्या परत, एकट्यानं, आणि चाचांच्या देखरेखीखाली.

सोमवारी चाचा खाटेवर बसले. मी शेळी धरून आणायची, चाचा बघून ओरडणार "बकरी!", मगच मी डबी उघडायची. एकोणतीस वेळा हा अपमान गिळला. तिसावी आणली, तर चाचा गप्प!

म्हणजे परत बोकड? पण आता मी काय कच्चा राहिलो होतो? मागं गेलो, शेपूट उचललं, गुडघ्यावर बसून नीट निरखलं आणि छाती फुगवून ओरडलो, "बोकड!"

चाचांनी काडी विझवली, धूर सोडला.

"बकरीच है रे. मैं बीडी सुलगा रा था."