सज्जन माणसा! आणि इतर मंजूर शिव्या

आमच्या हौशी मंडळानं नाटकं किती केली, ते आता नीट आठवत नाही. त्यांच्या परवानग्यांचे किस्से मात्र एवढे साचलेत, की दोन जुने मेंबर भेटले की चहा गार झालाच! मंडळ म्हणजे रबाळ्याच्या एका कारखान्यातले आम्ही पंधरा-वीस जण. नाटकं लिहायचा बळीराम. लेथवर काम करायचा, गाव खाडीकाठचं. त्याची भातशेती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती. संहिता मुंबईला सेन्सॉरकडे जायची आणि अंगावर लाल रेघा घेऊन परत यायची. रेघ मारलेलं वाक्य स्टेजवर बोललात, की परवाना रद्द!

०००

आणीबाणीतली गोष्ट. एका प्रवेशात भाजीबाजार होता. गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, वांगी काय भाव?" मावशी भाव सांगते. त्या भावावर लाल रेघ! महागाईवर टीका होते म्हणे.

प्रयोगात गिऱ्हाइकानं भाव विचारला. आमच्या मावशीनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि भाजीच्या पाटीवर पदर ओढला. लोक हसायचे थांबेनात. मूळ वाक्याला तर कुणी खोकलंही नसतं!

०००

दिघ्याचा गायकवाड आमचा हुकमी खलनायक. एका नाटकात तो मुकादम होता आणि त्याला पाच सणसणीत शिव्या होत्या. सेन्सॉरनं पाचही कापल्या. वर सल्ला दिला, 'सभ्य संबोधन वापरावे.'

गायकवाडनं वापरलं. डोळे वटारून, दात-ओठ खाऊन तो गरजला, "अरे सज्जन माणसा!" समोर बसलेली पोरंसुद्धा दचकली.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात तीच शिवी सुरू. आठवड्याभरात आमचा खरा फोरमन रडकुंडीला येऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला, "साहेब, हे लोक मला सज्जन म्हणतात!"

मॅनेजर म्हणाला, "मग टेन्शन काय घेता?"

"तुम्हालाही म्हणतात, साहेब!"

०००

एका प्रवेशात खाडीच्या चिखलात मासे शोधणारी बाई होती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. शेरा आला, 'वस्त्र घोट्यापर्यंत असावे.' गावातल्या सगळ्या बायका रोज तशाच फिरायच्या, पण सभ्यता पडली मुंबईत! आम्ही निमूटपणे घोटे झाकले.

प्रयोग खाडीकाठच्या गावातच होता. नटी चिखलात उतरण्याचा अभिनय करायला लागली, तशी पुढच्या रांगेतली म्हातारी उठली. "अगो बाय, आशी नेसून चिखलान उतरशील त तुला भायेर कोन काढल?"

एवढ्यावर थांबेल तर शपथ! ती स्टेजवर चढली, नटीचं लुगडं वर ओढून कचकचीत खोचून दिलं आणि म्हणाली, "हां. आता जा." बंदोबस्ताचे पोलीस आभाळाकडे बघत उभे राहिले. अटक करणार तरी कुणाला?

०००

सरकारलाच कशाला नावं ठेवायची? आमचे अध्यक्ष सबनीस हिशेबखात्यात होते. वार्षिक सभेत त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर तासभर भाषण ठोकलं. "शेवटच्या माणसालाही बोलता आलं पाहिजे!" टाळ्या.

शेवटच्या रांगेतून गायकवाड उठला. "सबनीस, गेल्या नाटकात तुमी लई बोअर केलंत."

"खाली बस!" सबनीस ओरडले. "ही बोलायची जागा आहे का?"

०००

मग बळीरामनं जमिनीवरच नाटक लिहिलं. खरं सांगायचं तर एका वाक्यासाठी अख्खं नाटक लिहिलं. शेवटी म्हातारा शेतकरी लोकांकडे बघून विचारतो, 'आमची जमीन घेतली, तवा आमाला कोनी इचारलं का?' लाल रेघ नेमकी त्याच्यावर! त्यात मॅनेजरनं दम भरला, "ते वाक्य स्टेजवरून आलं, तर बळीरामची नोकरी गेली."

जमीन गेली होतीच. घरात कमावता तो एकटा. आम्हीच त्याला समजावलं, "गाळ बाबा." तो हो म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना.

म्हाताऱ्याचं काम तो स्वतःच करत होता. पुढच्या रांगेत एक हवालदार बसवलेला, शेजारच्याच गावचा, त्याचीही शेती गेलेली. त्याच्या हातात मंजूर संहिता. एकेका वाक्यावर बोट ठेवून तो शेवटच्या प्रवेशापर्यंत आला.

बळीराम त्या जागी पोचला आणि थांबला. ओठ घट्ट मिटलेले. मंडपात कुणी हलेना.

हवालदारानं संहिता मिटली, मांडीवर ठेवली.

"आमची जमीन घेतली, तवा आमाला कोनी इचारलं का?"

खणखणीत आवाज! आला पुढच्या रांगेतून. अख्खा मंडप उठून उभा राहिला.

सकाळी बळीरामला आणि मला चौकीवर बोलावलं. मॅनेजर आधीच येऊन बसलेला. इन्स्पेक्टरनं हवालदाराला समोर उभं केलं. "कापलेलं वाक्य बोललं गेलं, अशी तक्रार आहे. कोण बोललं?"

हवालदारानं टाचा जुळवल्या, कडक सॅल्यूट ठोकला.

"साहेब, स्टेजवरचा कोनीच नाय बोलला!"