अंगणाखालून शिकवलेला नाच

"पायातला चाळ काढ आणि गळ्यात बांध," खोत म्हणाला. "आणि नाच. नंदीबैल नाचतो तसा."

मी चाळ काढला. गळ्यात बांधला. नाचलो.

हो, नाचलो! उगाच मर्दपणा कशाला सांगू? मांड्या लटलट कापत होत्या, आणि तसल्या पायांनी मी खोताच्या अंगणाखालच्या चिखलात फेर धरला. वर अंगणात त्याच्या भावकीतली पोरं, बाप्ये, सगळे मीच शिकवलेले. पोरं हसत हसत टाळ्या देऊ लागली. टाळ्या अगदी ठेक्यात. तो ठेकाही माझाच. मेल्यांनी बरोबर उचलला होता.

माझा गुन्हा काय, तर ऐका. गौरी-गणपती तोंडावर आले होते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथं जाखडीचा नाच शिकवायचा तो आमच्याच घरानं. आज्यानं शिकवला, बापानं शिकवला, मग मी. जाखडीत ढोलकीवाला मधे बसतो, त्याच्याभोवती रिंगण फिरतं, आणि शिकवणाऱ्यानं रिंगणात असावं लागतं. मी नसायचो. मी महार. खोताच्या सारवलेल्या अंगणात माझा पाय चालत नव्हता. अंगणाची कड उंच, तिच्याखाली मी उभा, त्यांच्याकडे तोंड करून. वळून पाय दाखवावा, तर खोताच्या दाराला पाठ केली म्हणून आईबापावरून शिव्या. मग मी सगळं उलटं नाचायचो. त्यांचा उजवा पडायला हवा तर मी डावा टाकायचा. ते आरशात बघावं तसे माझ्याकडे बघून नाचायचे आणि त्यांचं सुलटं पडायचं. कोणाचा पाय चुकला तर खालूनच लांब काठीनं दाखवायचं. तीही अंगाला लागता कामा नये.

त्या दिवशी खोताचा पुतण्या आला होता. मुंबईला पेढीवर नोकरी, वय तिशीच्या पुढं, अंगात नाच नाही पण हौस दांडगी. त्याला गिरकी जमेना. तोच म्हणाला, "अरे, खालून काय डोंबल कळतंय? वर ये नि पाय दाखव." मुंबईत राहून विसरला असावा. आणि मी? मीही नाचाच्या भरात. एक पाय अंगणावर टाकला. तेवढ्यात खोत दारात आला.

पुतण्या? मान खाली घालून उभा राहिला, शहाणा! पुढं काय झालं ते सांगितलंच.

घरी आलो. त्याच साली महाडच्या तळ्यावर आमची माणसं पाणी प्याली होती आणि डोकी फुटून परत आली होती. माझ्या मेव्हण्याचं डोकं मी स्वतः हळद दाबून बांधलं होतं. ते रक्त डोळ्यांपुढून हलेना. आमचं घर खोताच्या जागेत. नाचणी पिकते ती वरकस जमीनही त्याचीच. तोंड उघडलं तर उद्या छपराला काडी. पुढ्यातली भाकर तशीच झाकून ठेवली.

माझी लेक तेव्हा लहान. तिला काय ठाऊक? येऊन हाताला लोंबकळली. "बा, मला पन शिकव ना नाच."

म्हटलं, चल. तिला शेजारी उभी केली, पहिला पाय टाकला. बायको चुलीपाशी बसून बघत होती. ती हसली. "अवो, ह्यो कसला नाच? तुमचा पाय डावा पडतोय!"

मी पुन्हा टाकला. पुन्हा डावाच. थांबलो, मनाशी उजवा म्हटलं, टाकला, तर अंग घसरून पुन्हा डावीकडंच. बायकोला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिनं माझं तोंड बघितलं आणि चुलीकडं वळली.

बाप रे! माझाच नाच माझ्या अंगात राहिला नव्हता. त्यांच्यासाठी उलटा केलेला तेवढा उरला होता. बापाचाही असाच पडत असणार, आणि आज्याचाही. राग आला. असा राग की गळ्यावर चाळाचे वळ होते तिथं आग आग व्हायला लागली.

दुसऱ्या दिवशी खोताचं बोलावणं आलं. गेलो. जोहार घातला नाही, पण ते धाडसानं नव्हे, घशातून आवाजच फुटेना. खोत ओटीवर पान लावत होता. "कालचं विसर. गणपती आलेत. चल, शिकव पोरांना."

"अंगनात घ्या," मी म्हणालो.

"काय?"

"रिंगनात उभा राहून शिकवीन. नायतर नाय शिकवनार."

आवाज किती बारीक निघाला! करडू ओरडावं तसा. पण निघाला. खोत उठला, खाली आला, माझीच काठी उचलून माझ्या खांद्यावर घातली. एकदा, मग परत. मी पळालो नाही. लोक त्याला हिंमत म्हणतात. छे! पाय हलत नव्हते. हलले तेव्हा वाडीत आलो.

वरकस गेली. छप्पर अजून आहे, पण रोज संध्याकाळी वाटेवर कोणी खाकरलं तरी मी आधी छपराकडं बघतो. वाडीतली म्हातारी माणसं म्हणतात, "कशाला विस्तव पदरात घेतोस रे?" बरोबर आहे त्यांचं. मलाही तेच वाटतं.

तरी मी शिकवतो. वाडीच्या मोकळ्या जागेत, भर दिवसा, जाता-येता सगळ्यांना दिसेल असा. पोरं येतात, बाया येतात, कमरेत वाकलेला एक म्हातारा येतो. मी रिंगणातच उभा राहतो, आणि उजवा पाय मोजून मोजून टाकतो. एक दिवस खोताची माणसं येणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा मी घाबरेन, थरथरेन, धोतरही ओलं होईल कदाचित. पण रिंगण मोडणार नाही. मला उचलून नेलं तर लेक माझ्या जागी उभी राहील. तिला सगळे पाय येतात. आणि तिला मी बजावून ठेवलंय: "कोन बोलवंल तर जा गो, शिकव. पन जिथं उभं राहू देत नाय, तिथं नाचू नको. भ्या वाटलं तरी नको."