दहा वाव चामडं

लियाकतभाईंना तबेल्यात मीच आणून बसवलं, त्यामुळे पुढचा सगळा ताप माझ्या डोक्याला. १९९७ ची गोष्ट. शारजाबाहेरच्या त्या घोड्यांच्या तबेल्यात मी स्टोअर सांभाळायचो. लियाकतभाई दाभोळचे, बावीस वर्षं लाँचवर खलाशी. मालकानं लाँच विकली. महिन्यात नवा व्हिसा मिळाला नाही तर गाशा गुंडाळून घरी. तिकडे बायको मरियमबी आणि डीएडला असलेली मुलगी यम्ना, दोघी यांच्याच पगारावर.

आमचा घोडे शिकवणारा केओनी हवाई बेटांवरचा. घोड्याच्या गळ्यात फेकायचा त्याचा फासाचा दोर तुटला होता. कच्च्या चामड्याच्या चार वाद्यांची हातानं घातलेली वेणी, दहा वाव म्हणजे साठेक फूट लांब. "असा करून दे, नोकरी तुझी," तो लियाकतभाईंना म्हणाला.

"दोर तो दोरच ना, चंद्रहासभाऊ! इन्शाल्ला होईल," लियाकतभाई मला म्हणाले.

अख्खं कातडं गोल गोल कापत त्यांनी लांबच लांब वाद्या काढल्या, पिंपात बुडवल्या आणि पाणी गळत असतानाच करकचून वेणी घातली. गलबतावरची सवय, दुसरं काय! काथ्याचा दोर भिजला की आवळतो. चामडं मात्र वाळलं की आकसतं, वाद्या बारीक होतात. तीन दिवसांत वेणीत काडी जाईल एवढ्या फटी पडल्या.

"खलास," केओनी म्हणाला.

मी भडकलोच. "अहो, माझं नाक कापलंत!"

ते खाली बसले आणि टोकापासून एकेक पेड सोडवायला लागले. मग ओल्या गोणपाटात वाद्या गुंडाळून नुसत्या दमट केल्या आणि पुन्हा सुरुवात. बोटं चिरली, तरी हात थांबेना. मला माझीच लाज वाटली. रोज ड्युटी सुटली की दुसरं टोक ताणून धरायला मी जाऊन बसायचो. बारा दिवस लागले. शेवटी मटणाची चरबी चोळली.

केओनीनं दोर फेकला. उधळलेल्या घोड्याच्या गळ्यात फास बसला, दोर ताणला गेला, पण एक पेडही हलला नाही.

"उद्या पासपोर्ट घेऊन ये," तो म्हणाला.

आम्ही तडक फोनच्या बूथवर. मी दाराशीच उभा होतो.

"मरियम, काम झालं. मी येत नाही."

पलीकडून बाई एवढ्यानं "अल्हम्दुलिल्ला!" ओरडली की मला बाहेर ऐकू आलं. लियाकतभाई हसत होते, डोळे पुसत होते. तीन वर्षं झाली होती त्यांना घरी जाऊन.