गावसभेत बाबांनी हात वर केला

मॅसॅच्युसेट्समधलं आमचं गाव अमेरिका हा देश व्हायच्या आधीपासूनचं होतं, आणि त्याचा गावाला केवढा तोरा! आगीचे बंब, शाळा, रस्त्यावरचा बर्फ उचलणं, सगळ्याचा निकाल वर्षातून एकदा गावसभेत लागायचा. नगरसेवक वगैरे भानगडच नाही. गावचे मतदार शाळेच्या हॉलमध्ये जमायचे, यथेच्छ भांडायचे आणि हात वर करून ठरवायचे. त्या वर्षी आमच्या बाजूच्या लायब्ररीवर संक्रांत आली होती. पैसे पुरत नाहीत, तेव्हा ही छोटी शाखा बंद करा, असं कारभाऱ्यांचं म्हणणं होतं.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मी, मला नोकरीची परवानगी नव्हती. ठाण्याला कॉलेजात शिकवणारी बाई इथे दिवसभर घरात भिंतींशी बोलत बसलेली. गाडी एकच, ती नवरा घेऊन जायचा. पायी जाता येईल असं एकच ठिकाण होतं, ती एका खोलीची लायब्ररी. तिथल्या बाईंनी मला दर बुधवारी मुलांना गोष्टी सांगायला बसवलं होतं. पैसे नव्हते त्यात, पण पोरं मांडी घालून माझी वाट बघायची. त्या तासाभरावर मी अख्खा आठवडा ढकलत होते. मोठी लायब्ररी हायवेपलीकडे, तिथे चालत जायचं म्हणजे जीव मुठीत घेऊन. ही शाखा गेली तर मला वेड लागेल, यात अतिशयोक्ती नव्हती.

"जाऊन काय करणार? आपल्याला मत नाही," नवरा म्हणाला. "आणि ग्रीन कार्डची फाइल चाललीय, उगाच कुणाच्या नजरेत येऊ नकोस यार."

बघायला तर बंदी नाही ना, म्हटलं. मुलीला त्याच्यावर सोपवलं आणि बाबांना घेऊन गेले. बाबा म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. ठाण्याच्या आमच्या सोसायटीचे ते वर्षानुवर्षं सेक्रेटरी होते. सभा म्हटली की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. नवऱ्याने आम्हाला शाळेच्या दारात सोडलं.

मतदार नसलेल्यांना हॉलच्या एका कडेला वेगळ्या खुर्च्या होत्या. तिथे बसलो. लाल टोपीवाले एक आजोबा उठले आणि घरपट्टी कशी वाढतेय ते सांगत सुटले. शेवटी म्हणाले, "आणि त्या खोलीत जातं तरी कोण?"

मी जाते, मेल्या! अगदी ओठांवर आलं होतं. पण आमच्या बाजूला बसणाऱ्यांनी परवानगीशिवाय बोलायचं नव्हतं. मी ओढणीचं टोक मुठीत आवळून बसले. डोळे भरून आले होते.

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला गेले. परत येताना त्यांचे गुडघे कुरकुरताना बघून मतदारांमधल्या एका म्हाताऱ्या बाईने शेजारची खुर्ची थोपटली. बाबा तिथेच टेकले. मी लांबून खुणा करत होते, इकडे या, इकडे या. पण मत घ्यायला सुरुवात झाली.

शाखा चालू ठेवायला पैसे द्यावेत, या बाजूने कोण? अध्यक्षांनी विचारलं. हॉल थंड. एकही हात हलेना. आणि एक हात वर गेला, ताठ, कोपरात न वाकलेला. बाबांचा!

आमच्या सोसायटीत ही रीतच होती. ठराव मांडला की सेक्रेटरीने आधी हात वर करायचा, म्हणजे बाकीच्यांचे आपसूक जातात. तसंच झालं. बाबांच्या मागे एक हात गेला, मग चार, मग रांगाच्या रांगा. मोजणारी बाई बोट नाचवत एकेका रांगेतून निघाली. मी मनात ओरडत होते, बाबा, हात खाली घ्या! ती त्यांच्यापाशी आली, बोट टेकवल्यासारखं केलं आणि पुढे गेली.

मग विरोधातले हात मोजले. ठराव मंजूर झाला. एका मताने.

टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. लायब्ररी वाचली होती. बाबा उठून माझ्या शेजारी येऊन बसले. चेहरा पांढराफटक.

"एका मताने?" त्यांनी विचारलं. "म्हणजे माझ्याच मताने."

"बाबा, गप्प बसा. कुणी बघितलं नाही."

"अगं, खोटी मोजणी आहे ती."

"असू दे! तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे. ह्यांच्या फाइलचं काय होईल? माझी लायब्ररी जाईल, बाबा."

मी त्यांचा स्वेटर धरून ठेवला. त्यांनी माझी बोटं हलकेच सोडवली आणि उभे राहिले. मोडक्या इंग्रजीत, पण खणखणीत आवाजात त्यांनी सांगितलं की मी पाहुणा आहे, मला इथे मत नाही, माझा हात चुकून मोजला गेला, तो वजा करा.

अध्यक्षांनी आभार मानले. हात वजा झाला. मतं समसमान. समसमान म्हणजे ठराव पडला. बस्स. संपलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबांसाठी! ते लाल टोपीवाले आजोबा तर खास उठून आले आणि बाबांचा हात हातात घेऊन हलवत राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फाइलबद्दल पुढे कुणी चकार शब्द विचारला नाही, पण ते त्या संध्याकाळी कुठे ठाऊक होतं?

बाहेर पार्किंगमध्ये नवऱ्याची वाट बघत उभे राहिलो. एप्रिल होता तरी हाडं गोठत होती.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "हरिश्चंद्र झालात ना एकदाचे? पोरीच्या घशातला घास काढून!"

"उद्या त्या लायब्ररीत कुठल्या तोंडाने गेली असतीस?"

"ह्याच तोंडाने गेले असते! रोज गेले असते! नियम ठाऊक नसलेल्या माणसाचा हात चुकून मोजला, एवढंच तर झालं होतं."



"नियम ठाऊक होता मला," बाबा म्हणाले. "कुणी हात वर करेना, म्हणून सवयीने केला. लोकांचे वर गेल्यावर खाली घ्यायचा होता. ती बाई मोजत जवळ आली तेव्हा घेणारच होतो. पण समोर तू दिसलीस, डोळे पुसत बसलेली. नाही घेतला."